पलटणीतला डावा कोपरा

२९ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ आठवतेय का? रविवार होता. मी आणि माझी भाची बालेवाडीच्या क्रीडासंकुलात बसलो होतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं हे संकुल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तिथल्या बॅडमिंटन हॉलमध्ये त्या दिवशी प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना होता. कबड्डीचा एवढा मोठा सामना आणि तोही आपल्या पुण्यात! भाचीनं गळ्यात नारिंगी मफलर गुंडाळला होता, गालावर नारिंगी पट्टे ओढले होते. नारिंगी म्हणजे आपल्या पुणेरी पलटणीचा रंग, बरं का!

पण गंमत अशी, की सामना पलटणीचा नव्हताच. तो होता हरियाणा स्टीलर्स विरुद्ध पाटणा पायरेट्स. आपली पलटण? ती पहिल्या सहा संघांतसुद्धा आली नव्हती. आधीच्या वर्षीचे विजेते आपण, घरचं मैदान आपलं आणि अंतिम सामन्यात पाहुणे! लग्न आपल्या अंगणात आणि आपण वाढपी, तसं काहीसं.

सामना सुरू झाला. हरियाणाच्या डाव्या कोपऱ्यात एक उंचापुरा, दाढीवाला गडी उभा होता. पाटण्याचा चढाईपटू आत आला, की हा वाकून त्याच्या पायांकडे बघत बसायचा, मांजर उंदराच्या बिळाकडे बघत बसतं तसा. आणि मग झपकन झेप! पकड झाली की मांडीवर अशी थाप मारायचा, की वरच्या रांगेपर्यंत आवाज यावा. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. त्या सामन्यात त्यानं पकडींचे सात गुण मिळवले. आपल्या महाराष्ट्राच्याच शिवम पटारेनं चढायांत नऊ गुण घेतले, पण तोही हरियाणाकडून. हरियाणानं सामना ३२-२३ असा जिंकला. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून बक्षीस मिळालं शादलुईला.

चषक वर गेला, रंगीत कागदांचा पाऊस पडला. भाची मात्र गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, ''मामा, हा तर आपला होता ना रे?''

होता ना! बरोबर दहा महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ ला, हाच शादलुई नारिंगी जर्सी घालून पुण्यासाठी चषक उचलत होता. तेही याच हरियाणाला हरवून.

''मग त्याला सोडलाच कशाला?''

तिचा प्रश्न सोपा होता. उत्तर द्यायला मला परतीचा बसप्रवास पुरला नाही. म्हणून आज हा लेख.

आधी थोडं मागं जाऊ या. आमच्या लहानपणी कबड्डीचा संघ म्हणजे मंडळाचा संघ. ज्या आळीत जन्म, त्या आळीचं मंडळ आणि त्याच मंडळाचा गंजीफ्रॉक. हुतुतू म्हणा, कबड्डी म्हणा, मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा आणि गुडघ्यावर कायमची खरचटलेली खूण. संघ बदलायचा, पण तो कुणाला रेल्वेत, बँकेत किंवा पोलिसात खेळाडू म्हणून नोकरी लागली की. मग तो त्या ऑफिसकडून खेळायचा. लोक जरा हळहळायचे, पण पेढेही खायचे. कारण घरात पगार सुरू झालेला असायचा. तेव्हा 'पूर्वी सगळे एकनिष्ठ होते आणि आता सगळे पैशाच्या मागं' असं कुणी मोठ्या माणसानं तुम्हाला सांगितलं, तर फार मनावर घेऊ नका. पोट तेव्हाही होतंच.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि नोकरीऐवजी लिलाव आला. पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार. पाटण्यानं त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. २०२३ च्या लिलावात पवन सहरावतला तेलुगू टायटन्सनं किती मोजले माहितेय? २ कोटी ६० लाख ५० हजार! भागाकार करून बघा. वीसपट!

पुणेरी पलटण पहिल्या दिवसापासूनच्या आठ संघांपैकी एक. नाव झकास, पण सुरुवात अगदी केविलवाणी. पहिल्या दोन्ही हंगामांत शेवटचा नंबर! पुणेकर दुकानाच्या पाटीवर जेवढे कडक, तेवढेच मॅटवर मवाळ, अशी चेष्टा मुंबईचे मित्र करायचे. मग २०१६ मध्ये मनजित छिल्लर कर्णधार झाला, बेडूकउडी मारून बचावपटूंच्या डोक्यावरून निघून जाणारा अजय ठाकूर आला आणि त्या वर्षीच्या दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. (हे अजय ठाकूर नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पण हा संघही टिकला नाही. पुढच्या कर्णधारांची नावं नुसती मोजा. दीपक हुडा, गिरीश इरनाक, सुरजित सिंग... दर वर्षी नवा फोटो, नवे चेहरे. भाचीची एक वही आहे, तिच्यात ती पलटणीची नावं लिहिते. दोन वर्षांतच तिनं पेन सोडून पेन्सिल घेतली. शहाणी आहे.

आता असं का होतं? पैसेवाल्या मालकानं सगळे चांगले खेळाडू कायमचे ठेवून घ्यावेत की! तर तसं करता येत नाही. लीगचा नियमच आहे. दहाव्या आणि अकराव्या हंगामात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटी रुपये. त्यात सगळा संघ बसवायचा. जुने खेळाडू ठेवले, तर त्यांचे पैसेही त्याच ५ कोटींतून वजा. हा नियम नसता, तर सर्वांत श्रीमंत मालक दर वर्षी चषक घरी नेता आणि तुम्ही-आम्ही टीव्ही बंद करून झोपलो असतो.

समजा, दिवाळीच्या खरेदीला आईनं तुम्हाला ५०० रुपये दिले. त्यात शर्ट, पँट, चपला, फटाके, सगळं बसवायचं. दुकानात एक शर्ट असा आवडला, की डोळा हटेना. किंमत २३५ रुपये. घेणार? घेतला, तर उरलेल्या २६५ मध्ये बाकीचं भागवावं लागणार. पुण्यानं २०२३ मध्ये नेमका हाच शर्ट घेतला. शादलुईची बोली होती २ कोटी ३५ लाख!

हा सौदा पुण्यानं का केला, त्यामागं एक दुखरी आठवण होती. त्याच्या आधीच्या, म्हणजे नवव्या हंगामात, पुण्यानं डाव्या कोपऱ्यासाठी इराणचाच फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला होता. त्याचा देशबांधव नबीबक्ष ८७ लाखांना. फझल म्हणजे कबड्डीतला सुलतान, लोक त्याला याच नावानं ओळखतात. तो कर्णधार झाला आणि पलटण पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचली. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेनं एकट्यानं सोळा गुण घेऊन तमिळ थलैवाजला ३९-३७ असं हरवलं होतं. पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरनं पुण्याला ३३-२९ असं हरवलं. फक्त चार गुण!

मग फझल गेला. पुढच्या लिलावात गुजरातनं त्याला नेलं. डावा कोपरा रिकामा झाला.

पुढची गोष्ट तर सिनेमात शोभावी अशी आहे. ७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडास्पर्धांतला कबड्डीचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण. भारताच्या चमूत पुणेरी पलटणीचे दोघं, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. इराणच्या चमूत फझल आणि शादलुई. २८-२८ अशी बरोबरी असताना पवनच्या एका चढाईवरून असा वाद झाला, की खेळ जवळजवळ तासभर थांबला. पंच, प्रशिक्षक, खेळाडू, सगळे मॅटवर. कधी याला गुण, कधी त्याला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला आणि सुवर्णपदक आपल्याकडे आलं.

आणि ९ ऑक्टोबरला, म्हणजे नंतर दोनच दिवसांनी, मुंबईत लिलाव! तिथं पुण्यानं शादलुईला घेतलं. परवा ज्याच्याशी भांडत होतो, आज तोच आपल्या खोलीतला सोबती! तुमच्या वर्गात असं झालं तर? दुसऱ्या तुकडीचा जो मुलगा मधल्या सुट्टीत तुमचा चेंडू घेऊन पळतो, तोच सोमवारपासून तुमच्या बाकावर. दहाव्या हंगामासाठी अस्लम कर्णधार झाला आणि शादलुई त्याच्या हाताखाली खेळला.

आता डाव्या कोपऱ्याचं एवढं काय मोठं, असं तुम्ही विचाराल. थोडं नीट समजावून घेऊ, कारण टीव्हीवर हे चटकन दिसत नाही.

बचावाला सात गडी. टोकाला दोघं कोपऱ्यावर, त्यांच्या शेजारी आतले दोघं आणि मग मध्यरक्षक. चढाईपटूला तीस सेकंद. तो एकटा आणि हे सात, तरी बहुतेक वेळा तोच शिरजोर असतो. कारण तो मध्यरेषेकडे तोंड करून कधीही पळू शकतो आणि त्याला फक्त बोट लावायचं असतं. यांना मात्र अख्खा माणूस थांबवायचा असतो. कोपऱ्यावरचा गडी सर्वांत मागं, चढाईपटूच्या नजरेच्या कडेला. त्याचं काम घोटा धरायचं. पण एकटा घोटा धरून भागत नाही. धावत्या माणसाचा एक पाय धरलात, तर तो तुम्हाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेईल. म्हणून ज्या क्षणी कोपऱ्यावरच्यानं झेप घेतली, त्याच क्षणी त्या बाजूच्या मध्यरक्षकानं धडक द्यायची, कंबर आवळायची. उशीर झाला, अगदी डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा, तरी गडी निसटला. आणि चुकून घाई केली, तर एकाऐवजी दोघं बाद.

ही वेळ कशी जुळते? शिट्टी मारून नाही, हाक मारून नाही. रोज, रोज, रोज एकत्र खेळून. शेजारच्याच्या खांद्याची हालचाल बघून कळतं, की हा आता उडी घेणार. कोपऱ्यावरचा गडी बदलला, की मध्यरक्षकाला हा खांदा नव्यानं वाचायला शिकावा लागतो. क्रिकेटमध्ये फलंदाज बदलला तर दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाची बॅट बदलत नाही. कबड्डीत एक गडी बदलला की शेजाऱ्याचे हातपाय बदलतात. मला वाटतं, संघ मोडण्याचा त्रास कबड्डीला इतर खेळांपेक्षा जास्त होतो तो यामुळे.

पुण्याचं नशीब असं, की बाकीची साखळी शाबूत होती. उजव्या कोपऱ्यावर हरियाणाचा गौरव खत्री, मध्ये तमिळनाडूचा अबिनेश नादराजन आणि आपला संकेत सावंत. चढाईला अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. ही सगळी तरुण मंडळी, बहुतेक पुण्याकडेच मोठी झालेली. पंकज सातव्या हंगामात पहिल्यांदा दिसला, अस्लम आणि मोहित आठव्यात. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला, आता जो अहिल्यानगर झाला तो. ही मुलं लिलावातल्या बड्या नावांच्या मानानं स्वस्त होती. ती स्वस्त होती म्हणूनच २ कोटी ३५ लाखांचा शर्ट परवडला, हे विसरू नका. संघ बांधणारे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. सातव्या हंगामात बंगाल वॉरियर्सला चषक मिळवून दिलेला माणूस.

आणि मग काय विचारता! दहाव्या हंगामात पलटण सुटलीच. साखळीत बावीस सामने, त्यांतले सतरा जिंकले, तीन बरोबरीत आणि फक्त दोन हरले. ९६ गुण, पहिला नंबर. शादलुईनं पकडींचे ९९ गुण घेतले, शंभराला एकच कमी! सर्वोत्तम बचावपटू तो आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू कर्णधार अस्लम. उपांत्य सामन्यात पाटण्याला ३७-२१ अशी धूळ चारली.

अंतिम सामना हैदराबादला गच्चीबौलीत. समोर हरियाणा. मी आणि भाची टीव्हीसमोर, तिची आई वैतागलेली, कारण दुसऱ्या दिवशी चाचणी. तो सामना मुळीच सोपा नव्हता. दोन्ही बचाव असे घट्ट, की गुण थेंबाथेंबानं येत होते. मध्यंतराच्या थोडं आधी पंकज मोहिते चढाईला गेला आणि एका चढाईत चार गडी टिपून आला. चार! भाची सोफ्यावरून खाली पडली. खरंच पडली. मध्यंतराला १३-१०, शेवटी २८-२५. पंकजचे नऊ गुण. दहा वर्षं वाट पाहिल्यावर पुण्याला पहिला चषक मिळाला. लक्षात घ्या, शादलुई संघात असूनही अंतिम सामन्याचा नायक ठरला तो घरचा पंकज. पण बचावानं हरियाणाला पंचवीसवर रोखलं नसतं, तर पंकजचे नऊ गुण कुठे पुरले असते? म्हणजे श्रेय कुणाचं, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

वहीत तिनं त्या रात्री सगळी नावं पेननं लिहिली. मी काही बोललो नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुढचा लिलाव आला. त्याआधी प्रत्येक संघाला सांगायचं असतं, कोण ठेवले आणि कोण सोडले. पुण्यानं आपली तरुण पोरं ठेवली. शादलुईला सोडलं.

आता त्यांच्या जागी बसून बघा. पाच कोटींची थैली. मुलं विजेती झालीत, म्हणजे त्यांचीही किंमत वाढलेली. शादलुईला ठेवायचं, तर जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर. मग अस्लम, मोहित, पंकज, आकाश, गौरव, अबिनेश यांतल्या एकदोघांना निरोप द्यायचा. कुणाला द्याल? भाचीला मी हेच विचारलं. ती म्हणाली, ''कुणालाच नाही.'' मी म्हटलं, ''हे उत्तर चालत नाही.'' ती म्हणाली, ''मग नियमच चुकीचा आहे.'' घ्या!

लिलावात हरियाणानं शादलुईला २ कोटी ७ लाखांना घेतलं. म्हणजे पुण्यानं मोजले होते त्यापेक्षा २८ लाख कमी. मला त्यांचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांचं कौतुक वाटतं. अंतिम सामन्यात ज्याच्यामुळे आपले चढाईपटू अडकले, त्यालाच जाऊन घेऊन आले! हरल्यावर रडत बसण्यापेक्षा हे बरं.

पुण्याचं पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. पण सगळा दोष शादलुईच्या जाण्याला देऊ नका, तसं करणं सोपं असतं म्हणून लोक करतात. हंगामाच्या सुरुवातीच्या काळातच अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या हंगामातून बाहेर गेला. कर्णधारपद आकाश शिंदेकडे आलं. पोरं झगडली, काही सामने सुरेख जिंकली, काही दोन-तीन गुणांनी हातचे घालवले. डावा कोपराही गेला आणि चढाईचं डोकंही गेलं. एका वेळी दोन्ही गेल्यावर कोणता संघ उभा राहतो?

पण मग डिसेंबरमध्ये ते दृश्य. आपल्या बालेवाडीत, आपल्याच प्रेक्षकांसमोर, आपला जुना गडी चषक उचलतोय. खरं सांगतो, टाळ्या वाजवायला माझेही हात चटकन उठले नाहीत. आजूबाजूचे लोक मात्र वाजवत होते. नारिंगी टोप्या घातलेले लोक! शेवटी मीही वाजवल्या. भाचीनं नाही वाजवल्या.

परतताना बसमध्ये मी तिला वर लिहिलेलं सगळं सांगितलं. पाच कोटी, शर्ट, चपला, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''म्हणजे सोडलं ते बरोबर केलं असं म्हणतोयस तू?'' मी म्हटलं, ''हो, मला तसं वाटतं. ही पोरं आणखी पाच-सात वर्षं खेळतील. आणि कोपरा काय, कुणीतरी तयार होईल.'' ती म्हणाली, ''आणि नाही झाला तर?'' बस चांदणी चौकात अडकली होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

२०२५ चा बारावा हंगाम आला. बी. सी. रमेश बंगळूरला गेले होते. म्हणजे नुसते खेळाडूच नाही, प्रशिक्षकही बदलतात, बरं का! त्यांच्या जागी कोण आलं? अजय ठाकूर! बेडूकउडीवाला! नऊ वर्षांपूर्वी नारिंगी जर्सीत उड्या मारणारा आता मॅटच्या कडेला उभा राहून मुलांना ओरडत होता. अस्लम बरा होऊन परत कर्णधार झाला. बचावात गौरव आणि अबिनेश तेच. चढाईला आदित्य शिंदे हे नवं नाव गाजलं. साखळीत संघ पहिल्या दोघांत आला, मग तेलुगू टायटन्सला हरवून अंतिम सामन्यात पोचला. चार हंगामांत तिसऱ्यांदा! ज्या संघाचा पहिली दोन वर्षं शेवटचा नंबर होता, त्याच्याबद्दल बोलतोय आपण. आणि या खेपेला थैलीतली अर्धी रक्कम खाणारा कुणी शादलुई संघात नव्हता. तो तर आता गुजरातला गेला होता, २ कोटी २३ लाखांना. म्हणजे हरियाणानंही त्याला ठेवला नाही! चषक जिंकून दिल्यावरसुद्धा! हे वाचून दाखवलं, तेव्हा भाचीच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. मला वाटतं, तेव्हा कुठे तिनं पुण्याला माफ केलं.

३१ ऑक्टोबर २०२५. अंतिम सामना दिल्लीत, दबंग दिल्लीविरुद्ध. यजमानांच्या घरात, त्यांच्या आरोळ्यांत. आमच्या घरात तोच सोफा, तीच आई, पण चाचणी नव्हती. सामना पुन्हा तसाच अटीतटीचा. आदित्य शिंदे एकामागून एक चढाया करत होता. गुणफलक कधी इकडे झुके, कधी तिकडे.

आणि दिल्लीच्या बचावात, डाव्या कोपऱ्यात, कोण होतं सांगा बघू?

फझल अत्राचली. सुलतान. २०२२ मध्ये पुण्याचा कर्णधार असलेला तोच फझल. जयपूरविरुद्ध त्या चार गुणांनी हरलेला आपला फझल आता आपल्याच पोरांच्या घोट्यांवर नजर ठेवून उभा होता. दिल्ली ३१, पुणे २८. तीन गुण!

भाची बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. सामना संपल्यावर फझल पुण्याच्या मुलांना भेटत होता. यांतल्या काहींना त्यानंच तर एक हंगाम शेजारी उभं करून खेळवलं होतं.

''मामा,'' ती म्हणाली, ''आपले जुने डावे कोपरेच आपल्याला नडतात.''

मग उठून तिनं वही आणली. नव्या पानावर वर लिहिलं, 'तेरावा हंगाम'. खाली सात रेघा मारल्या. अस्लमचं नाव लिहिलं, पंकजचं, गौरवचं, अबिनेशचं, आदित्यचं. पेन्सिलनं. डाव्या कोपऱ्याची रेघ तिनं तशीच कोरी ठेवली आणि मला विचारलं, ''लिलाव कधी असतो रे?''